लाईट गेल्यावर दार उघडं राहावं की बंद? एका हॉस्टेलवाल्या ताईंना उत्तर

पत्र थोडं कमी करून देतोय, मुद्दा पूर्ण आहे:

"दादा, साताऱ्यात राजवाड्याजवळ आमची जुनी दोन मजली इमारत आहे. खाली एक कपड्याचं आणि एक झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, दुसऱ्यावर मुलींचं हॉस्टेल. चाळीसेक मुली आहेत, माण-खटाव, पाटण, जावळीकडच्या, काही अकरावी-बारावीच्या तर काही एमपीएससी आणि पोलीस भरतीवाल्या. जिना एकच. सध्या रात्री दहाला मावशी जिन्याच्या सरकत्या जाळीच्या गेटला कुलूप घालतात आणि किल्ली उशाखाली ठेवून झोपतात. आता पालक म्हणतात बायोमेट्रिक लावा. तीन कोटेशन आलीत आणि तिन्हीत नुसते शब्दच शब्द, ईएम लॉक, फेल सेफ, फेल सिक्युअर, एक्झिट स्विच, एनसी, वायगँड, अँटी पासबॅक, आयपी६५. एक जण म्हणतो लाईट गेली तरी दार घट्ट बंद राहील असं देतो, त्याच्या कागदावर 'ईएम लॉक फेल सिक्युअर' लिहिलंय, दुसरा म्हणतो असं काही नसतंच. डेमोच्या वेळी दोन मुलींची बोटं मशीनने घेतली नाहीत. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कंपनीकडेच राहील असं तिघंही म्हणतात. मला फसायचं नाहीये, आणि पालकांना काय सांगू तेही कळत नाही. – हॉस्टेल चालवणारी एक ताई, सातारा"

ताई, नमस्कार. कोटेशनवर येतोच, पण आधी त्या उशाखालच्या किल्लीबद्दल बोलू द्या, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याच एका ओळीची वाटली.

खाली कपडा आणि कागद, वर चाळीस मुली, जिना एक, आणि त्या जिन्यावर कुलूप. रात्री दोन वाजता खालच्या दुकानात वायर जळाली तर धूर सगळ्यात आधी जिन्यातूनच वर येणार, लाईट बहुतेक गेलेलीच असणार, मग मावशींना जाग यायला पाहिजे, किल्ली सापडायला पाहिजे, अंधारात धुरात खोकत कुलपाचं भोक सापडायला पाहिजे, आणि तोपर्यंत मागे चाळीस पोरी दाटीवाटीने उभ्या. मी घाबरवायला लिहीत नाहीये. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत आग लागली, वरच्या मजल्यावर क्लास चालू होता, खाली यायची वाट बंद झाली, २२ जण गेले आणि त्यात बहुतेक विद्यार्थी होते, मुलं वरून उड्या टाकत होती ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. आणि २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं, ३ विद्यार्थी बुडून गेले, तेव्हा तिथल्या बायोमेट्रिक गेटपाशी अडकायला झालं अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली होती. म्हणजे कुलूप काढून मशीन लावलं की प्रश्न सुटला असं नाही, मशीन चुकीचं बसवलं तर ते पण कुलूपच.

म्हणून कुठलंही कोटेशन पास व्हायची वाट न बघता आजच एवढं करा, जाळीच्या गेटचं कुलूप काढून आतल्या बाजूला किल्ली न लागणारी साधी सरकती कडी बसवून घ्या, बाहेरून जाळीतून हात घालून ती सरकवता येऊ नये म्हणून तेवढ्या भागाला पत्रा मारून घ्या, आणि गेटला ते बॅटरीवरचं दोन तुकड्यांचं मॅग्नेटवालं अलार्म लावा, गेट सरकलं की कर्कश्श वाजतं, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतं आणि फार महाग नसतं. मावशींना जाग येईल. कुणी बाहेर चाललं तर कळेल आणि कुणाला पळून जीव वाचवायचा असेल तर वाचवता येईल.

आता कोटेशन. तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा, दाराला दोन बाजू असतात आणि दोन्हीचे प्रश्न वेगवेगळे आहेत. बाहेरून आत कोण येणार हा एक प्रश्न, त्यासाठी कार्ड, बोट, चेहरा, पासवर्ड काय पाहिजे ते लावा, कितीही कडक करा. आतून बाहेर जायचं असेल तर काय हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, आतल्या माणसाला किल्ली, कार्ड, बोट, लाईट, नेट यातलं काहीही न लागता दार उघडता आलं पाहिजे. हे माझ्या मनाचं नाही, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये आगीच्या भागात लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. फिटिंगवाले ह्या दोन प्रश्नांचा एकच प्रश्न करून टाकतात, 'लाईट गेल्यावर दार बंद पाहिजे का उघडं?' असं विचारतात आणि मग समोरच्याला वाटतं की चोरापासून वाचायचं की आगीपासून यातलं एकच निवडायचंय. तसं नाहीये. दोन्ही मिळतं, फक्त सामान योग्य पाहिजे.

फेल सेफ म्हणजे करंट गेला की लॉक सुटतं. फेल सिक्युअर म्हणजे करंट गेला तरी लॉक लागलेलंच राहतं. एवढंच आहे ते.

ईएम लॉक म्हणजे चौकटीवर बसवलेलं लांबट चुंबक आणि दारावर बसवलेली लोखंडी पट्टी. करंट चालू आहे तोपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतं, करंट बंद की सोडून देतं. कोटेशनमध्ये ६०० एलबीएस लिहिलेलं असतं ते पौंडात आहे, म्हणजे साधारण २७० किलोचा ओढा सहन करतं, बाजारात त्यालाच २८० किलोचं पण म्हणतात, आणि १२०० एलबीएस म्हणजे साधारण साडेपाचशे किलो. तर हे चुंबकच असल्यामुळे ते कायम फेल सेफच असतं, करंट नाही तर चुंबक नाही. म्हणून तुमचा तो दुसरा माणूस बरोबर बोलला, 'ईएम लॉक फेल सिक्युअर' असा प्रकार नसतो. ज्याने तसं लिहिलंय त्याला फोन करून मॉडेल नंबर मागा. एक तर त्याला माहीत नाही, किंवा तो ईएम लॉक देऊन मागे मोठी बॅटरी लावणार आणि त्यालाच फेल सिक्युअर म्हणणार, किंवा तो ड्रॉप बोल्ट देणार आहे. ही तिसरी शक्यता वाईट. ड्रॉप बोल्टमध्ये मोटर किंवा कॉइलने लोखंडी पिन सरकून चौकटीत घुसते, तो फेल सिक्युअर मिळतो, आणि दाराला आतून हँडल नसेल तर लाईट गेल्यावर आतली माणसं खरोखर कोंडली जातात. हॉस्टेलला ते नकोच, कितीही स्वस्तात दिलं तरी नको.

मग काय घ्यायचं? तुमच्या जागेसाठी माझं मत इलेक्ट्रिक स्ट्राइकला आहे. यात दाराला नेहमीसारखं लॅचवालं, म्हणजे दार लागलं की चौकटीत अडकणारी जीभ असलेलं लॉक असतं, आतून हँडल, बाहेरून फक्त धरायची मूठ आणि किल्लीचं भोक. चौकटीत जिथे लॅच अडकते तिथली पट्टी काढून हा स्ट्राइक बसवतात, बाहेरून कार्ड लावलं की त्याचा ओठ सैल होतो आणि दार उघडता येतं. हा स्ट्राइक फेल सिक्युअर घ्यायचा. लाईट गेली, तर बाहेरून दार बंदच, पालकांना जे पाहिजे ते मिळालं. आणि आतून हँडल दाबलं की लॅच हातानेच मागे सरकते, त्याला विजेशी काही देणंघेणं नाही, म्हणजे मुली कधीही बाहेर पडू शकतात. लाईट नसताना बाहेरून यायला मावशींकडे एक आणि तुमच्या घरी एक अशी साधी किल्ली. फक्त आतलं हँडल किल्लीने लॉक होणारं नको, हे कोटेशनवर लिहूनच घ्या, 'आतलं हँडल कायम मोकळं' असं मराठीत लिहिलं तरी चालेल.

यात एक खर्च वाढतो ते आधीच सांगतो. तुमच्या सरकत्या जाळीवर ना स्ट्राइक नीट बसत ना ईएम लॉक, जबरदस्तीने वेल्डिंग करून बसवतात लोक पण चार महिन्यात जाळी वाकते आणि पट्टी जागेवर येत नाही. तिथे लोखंडी चौकट करून एका पल्ल्याचं दार बसवून घ्या, खाली उतरायच्या दिशेने उघडणारं, म्हणजे मागून गर्दी आली तरी ढकलून उघडेल, आणि दार उघडल्यावर लगेच पायरी येऊ नये, पुढे दाराच्या रुंदीइतकी तरी सपाट जागा सुटली पाहिजे, नाहीतर अंधारात पहिलीच मुलगी घसरणार आणि तिच्यावर बाकीच्या. मधल्या लँडिंगवर जागा असेल तर तिथे करा. दाराला हायड्रॉलिक डोअर क्लोजर लावा, कारण आपोआप बंद न होणाऱ्या दारावर जगातलं कुठलंही मशीन लावलं तरी उपयोग नाही, विटेचा तुकडा अडकवून दार उघडं ठेवलेली कितीतरी हॉस्टेलं मी बघितलीत.

समजा बजेटमुळे किंवा दारामुळे ईएम लॉकच घ्यावं लागलं, तर काही गोष्टी सोडायच्या नाहीत. लॉक आतल्या बाजूलाच बसलं पाहिजे, बाहेर बसवलं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन येणाऱ्याला आमंत्रणच आहे. आतल्या बाजूला एक्झिट स्विच पाहिजे, तोच काही कागदांवर आरईएक्स नावाने लिहितात, तो दाबला की लॉक सुटतं. पण नुसत्या एक्झिट स्विचवर भरवसा ठेवू नका, कारण बऱ्याच ठिकाणी तो मशीनला सांगतो की दार उघड, आणि मशीनच हँग झालं असेल तर ऐकणारं कुणी नाही. म्हणून त्याच्या शेजारी हिरव्या रंगाचा इमर्जन्सी ब्रेक ग्लास पाहिजे, जो मशीनला न विचारता थेट लॉकची वायर तोडतो. हा हिरवा डबा बरेच जण वगळतात हो, पैसे वाचवायला म्हणून, आणि गिऱ्हाईकाला माहीतच नसतं की असं काही लागतं. तिन्ही कोटेशनमध्ये शोधा. मला खात्रीने वाटतं की एकात तरी नसेल.

रिले म्हणजे मशीनमधला करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, आणि एनओ, एनसी आणि कॉम ही त्या रिलेवरच्या तीन वायरींची नावं आहेत. ईएम लॉकची वायर कॉम-एनसीमधून जाते, म्हणजे एरवी करंट चालू आणि उघडायच्या वेळी तुटतो. फेल सिक्युअर स्ट्राइकची कॉम-एनओमधून, म्हणजे एरवी करंट बंद आणि उघडायच्या वेळी मिळतो. एवढं माहीत असलं तरी फिटिंगवाला तुमच्याशी जरा सांभाळून बोलेल.

बॅटरीचं नीट ऐका, कारण इथे चांगल्या हेतूने पण घोळ होतो. साताऱ्यात जून-जुलैला यवतेश्वराकडून वारा सुटला की लाईट जाते, तेव्हा बॅकअप पाहिजे हे खरंच. ६०० एलबीएसचं लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर सतत खातं, ७ एएचची बॅटरी हिशोबाने १४ तास चालेल, पण त्यावर मशीन पण चालणार आणि बॅटरी जुनी होणार, तेव्हा त्याच्या निम्मं धरून चला. स्ट्राइक फक्त उघडताना करंट घेतो म्हणून तीच बॅटरी त्याला कितीतरी जास्त पुरते, हा पण स्ट्राइकचा फायदा. घोळ असा की आग लागल्यावर लोक मेन स्विच पाडतात आणि समजतात की आता फेल सेफ लॉक सुटेल, पण मागे बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, लॉक धरूनच बसतं. म्हणून धूर ओळखणारे डिटेक्टर आणि फायर अलार्मचं पॅनल असेल तर त्याची रिले बॅटरीच्या पुढे, अगदी लॉकला जाणाऱ्या वायरमध्ये आली पाहिजे, मेनच्या बाजूला लावून उपयोग नाही. तुमच्याकडे डिटेक्टर नसतील तर ताई, बायोमेट्रिकच्या आधी ते लावा. पैसे सगळ्याला पुरत नसतील तर मी डोळे झाकून डिटेक्टर, जिन्यातला इमर्जन्सी लाईट आणि आतून उघडणारं दार सांगेन, मशीन पुढच्या वर्षी.

आता मशीन बाहेर लावायचं की आत. स्वस्तातल्या मशीनमध्ये बोट वाचणारा भाग आणि लॉक सोडणारी रिले एकाच डब्यात असते, आणि तो डबा लावतात बाहेर भिंतीवर. कुणी तो उचकटून मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की दार उघडलं, बोट नको कार्ड नको. यावर उपाय म्हणजे बाहेर फक्त रीडर आणि दार उघडायचं की नाही ते ठरवणारा कंट्रोलर आत कुलूपबंद डब्यात, किंवा त्याच मशीनला आत बसणारा सिक्युअर रिलेचा छोटा डबा मिळतो तो जोडून घ्यायचा. 'रिले कुठे बसणार?' एवढंच विचारा, उत्तर 'मशीनमध्येच' आलं तर तो आत बसणारा डबा मागून घ्या.

रीडर वेगळा आणि कंट्रोलर वेगळा झाला की दोघांमध्ये बोलणं कसं होतं तिथे वायगँड येतं. जुनी पद्धत आहे, दोन वायरींवरून कार्डाचा नंबर एकाच दिशेने जातो, तोही उघडा. २६ बिटचं वायगँड सगळ्यात जास्त चालतं, त्यात ८ बिट जागेचा कोड आणि १६ बिट कार्डाचा नंबर, म्हणजे कोड २५५ पर्यंत आणि नंबर ६५५३५ पर्यंतच, त्यामुळे दोन वेगळ्या गठ्ठ्यातली कार्डं एकाच नंबरची निघू शकतात. नवी पद्धत ओएसडीपी, ती आरएस-४८५ वर चालते, दोन्ही बाजूंनी बोलते आणि त्यात बोलणं एनक्रिप्ट करता येतं. बँक असती तर मी ओएसडीपीचा हट्ट धरला असता. तुमच्या एका दाराला वायगँड चालेल, फक्त रीडरला टॅम्पर स्विच असू द्या म्हणजे उचकटला की आत वाजेल.

त्या दोन मुलींच्या बोटांचं. त्यांची काही चूक नाही आणि मशीन पण बिघडलेलं नाही. शेतात, घरात भांडी-धुण्यात हात राबलेले असले की रेषा झिजतात, हिवाळ्यात बोटं कोरडी पडतात, मेंदी असली की अजून वेगळं. बोट आपलं असून मशीनने नाकारणं याला एफआरआर म्हणतात आणि दुसऱ्याचं बोट आपलं समजून घेणं याला एफएआर, एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं. फिटिंगवाला कटकट मिटवायला सेटिंग ढिली करतो, मग सगळ्यांची बोटं घेतं आणि नको त्यांची पण घ्यायची शक्यता वाढते, तसं करू देऊ नका. प्रत्येकीची दोन बोटं नोंदवा, दोन वेगळ्या हातांची, आणि तरीही ज्यांची घेत नाही त्यांना कार्ड आणि पिन द्या. रात्री पावसात भिजून आलेली मुलगी बोट घेत नाही म्हणून रस्त्यावर उभी राहिली असं एकदा पण व्हायला नको, यासाठी बाहेर बटण आणि मावशींच्या खोलीत वाजणारी बेल पाहिजेच, व्हिडिओ डोअर फोन असेल तर उत्तम, चेहरा बघून उघडतील.

शिवाय मशीन बोटाचा फोटो न ठेवता त्यातल्या खुणांचा टेम्प्लेट ठेवतं, तरीही ती मुलींची खासगी माहितीच आहे. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा १८ च्या खालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, तुमच्या अकरावी-बारावीवाल्या त्यात आल्या. अ‍ॅडमिशन फॉर्मवरच संमतीची ओळ घाला, आणि मुलगी हॉस्टेल सोडून गेली की त्याच दिवशी तिचं बोट मशीनमधून काढा. खरं सांगायचं तर फक्त कार्डवर पण तुमचं काम भागतं. कार्ड घेताना मात्र १२५ किलोहर्ट्झवालं घेऊ नका, ते निळं किचेनसारखं टोकन मिळतं ना त्यातलंच, ते कुणीही विचारलं की आपला नंबर सांगून टाकतं आणि डुप्लिकेट करायला अगदी सोपं आहे. १३.५६ मेगाहर्ट्झमधलं साधं मायफेअर क्लासिक पण २००८ मध्येच फोडून दाखवलंय. त्यापेक्षा जास्त सुरक्षित असं डेसफायर नावाचं कार्ड मागा, आणि सोबत हे पण विचारा की रीडर कार्डाचा फक्त वरचा यूआयडी नंबर, म्हणजे कुणालाही वाचता येणारा नंबर वाचतो की आतला लॉक केलेला भाग वाचतो, कारण नुसता यूआयडी वाचणार असेल तर महाग कार्डाचे पैसे वाया.

अँटी पासबॅक म्हणजे एकदा आत आलेलं कार्ड बाहेर गेल्याची नोंद झाल्याशिवाय परत आत घेत नाही, म्हणजे एकीने खिडकीतून कार्ड खाली टाकून मैत्रिणीला आत घेता येऊ नये. त्यासाठी आत पण रीडर लागतो. हार्ड आणि सॉफ्ट असे दोन प्रकार, हार्डमध्ये दार अडवतं आणि सॉफ्टमध्ये फक्त नोंद करतं. तुम्ही हार्ड अजिबात घेऊ नका, रात्री कुणी कार्ड न लावता हँडलने बाहेर पडली की नंतर ती स्वतःच्याच हॉस्टेलात येऊ शकणार नाही. डोअर फोर्स्ड म्हणजे कार्ड न लावता दार उघडलं, डोअर हेल्ड म्हणजे दार ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं, दोन्हीसाठी चौकटीत छोटा मॅग्नेटिक सेन्सर लागतो, आणि हा सेन्सर तुमच्यासाठी फार कामाचा आहे. दहानंतर दार आतून उघडलं की मावशींच्या खोलीत बझर आणि तुमच्या मोबाईलवर मेसेज, हे सेटिंग करून मागा. हेच त्या कुलपाचं काम करेल. आयपी६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सहन होतो, बाहेरच्या रीडरला तेवढं पाहिजे, वर छोटा पत्रा पण मारा.

पासवर्ड कंपनीकडे राहील हे मान्य करू नका. दार तुमचं, मुली तुमच्या जबाबदारीवर, आणि कोण केव्हा आलं-गेलं याची सगळी नोंद बाहेरच्या एका पोराच्या फोनवर, हे कुठल्या पालकांना चालेल? अ‍ॅडमिन पासवर्ड, मास्टर कार्ड, वायरिंगचा कागद आणि युजर लिस्टचा बॅकअप या चारही गोष्टी काम झाल्यावर तुमच्या हातात, फॅक्टरीचा पासवर्ड तुमच्यासमोर बदलायचा. सर्व्हिसला माणूस आला की पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, गेला की बदला. यावर कुणी तोंड वाकडं केलं तर ते कोटेशन बाजूला ठेवा.

शेवटचं पेमेंट देण्याआधी एक दिवस संध्याकाळी मुलींना, मावशींना आणि फिटिंगवाल्याला एकत्र उभं करा. मेन स्विच पाडा, बॅटरीची वायर काढा, आणि एका मुलीला आतून दार उघडायला सांगा. मग बॅटरी जोडून तेच. मग बाहेरून कुणी ढकलून, ओढून बघू दे. ईएम लॉक असेल तर हिरवा डबा दाबून बघा, फायर पॅनल असेल तर डिटेक्टरला टेस्ट द्यायला लावा. मग दार एक मिनिट उघडं धरून बझर वाजतो का बघा. यातलं काही फसलं तर पैसे थांबवा, आणि फसलं नाही तरी दर महिन्याला एकदा हे करत जा, नवीन आलेल्या मुलींकडूनच करून घ्या म्हणजे त्यांच्या हाताला सवय होईल.

आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायला हे घ्या, तुमच्या भाषेत बदलून: "नमस्कार. हॉस्टेलच्या जिन्याला नवीन दार बसवत आहोत. बाहेरून फक्त नोंद असलेल्या मुलींनाच आत येता येईल, लाईट नसली तरी बाहेरून दार बंदच राहील. आतून मात्र दार कधीही हँडलने उघडेल, कारण आग लागली किंवा कुणी आजारी पडलं तर मुली अडकायला नकोत. रात्री १० नंतर दार उघडलं की मावशींना आणि मला लगेच कळेल आणि मी त्याच वेळी तुम्हाला फोन करेन. आतून कुलूप लावणार नाही. कुणाला शंका असेल तर रविवारी येऊन दार स्वतः उघडून-लावून बघा."